टायरच्या चुऱ्याचं अंगण

माय सिमेंटच्या अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं, पण घरी आली ती खाटेवरच. माझ्या थोरल्या भावाचा देवगाव फाट्याजवळ सिमेंटचे ब्लॉक पाडण्याचा छोटा कारखाना होता. त्यानं त्या अंगणावर रागच धरला. जुन्या टायरचा चुरा मिसळला तर ब्लॉक पायाला जरा मऊ लागतो, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. वाळू कमी करून त्यानं चुरा घातला. पहिले ब्लॉक उचलतानाच कडेनं झडायला लागले. चुरा कमी केल्यावर पुढचे टिकले. मग त्यानं स्वतः जुनं अंगण फोडलं आणि ते काळपट ब्लॉक बसवले.

काम संपल्यावर तो मायच्या खाटेशी येऊन बसला.

"माय, आता पडलीस तरी लय लागायचं न्हाई."

माय पत्र्याकडं बघत म्हणाली, "पडायला आधी उभं तर राहता आलं पाहिजे, बाबा."

दुपारी ऊन तापलं की टायरचा वास घरात यायचा, मायला खोकला लागायचा, म्हणून आम्ही दार लोटून घ्यायचो. ती उठलीच नाही. पाठीला जखमा झाल्या आणि दिवाळीच्या आधी ती गेली.

तिला शेवटची आंघोळ त्याच अंगणात घातली. सांत्वनाला आलेल्या एका पाहुण्यानं ब्लॉक पायानं दाबून बघितला. "मऊ लागायलाय. कुठून आणले?"

भाऊ उठून आत गेला. पाहुण्याला मीच सांगितलं, घरीच केलेत.