दारानं बोट घेतलं नाही

आखातात, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये चौघं राहतात: दादी म्हणजे मी, लेक इक्बाल, सून शबनम आणि नात झारा. चौघांचा व्हिसा इक्बालच्या एका नोकरीवर. नोकरी गेल्याचे किस्से इथं इतके साठतात, की लिफ्ट खाली पोचेपर्यंत एक तरी ऐकून होतोच!

*

इक्बालचं काम बंदरातून कंटेनर सोडवायचं; देरामधल्या त्याच्या ऑफिसात दाराला बोट लावायचं मशीन आहे. ज्याला काढलं त्याला कोणी सांगत नाही, सकाळी दारच उघडत नाही! अकाउंटवाल्या जोशींनी बोट शर्टाला पुसलं, फुंकर मारली, दहाही बोटं लावून पाहिली.

वॉचमन म्हणाला, "अब पैर की लगाओगे क्या? खलास, जोशीसाब!"

*

मग एकदा इक्बालचं बोट लागेना. बिचारा जिन्यात बसला आणि शबनमला फोन केला, "सामान आवर." तिनं रडत रडत सोफा शेजारणीला देऊन टाकला.

दुपारी उलगडा झाला. आदल्या दिवशी कोलंबी सोलताना बोट कापलं होतं! नोकरी जागेवर होती. सोफा मात्र शेजारीण परत देईना.

*

पुढं माझा भाऊ गेला, रत्नागिरीला. इक्बालला त्यानंच वाढवलेलं. पण पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात. "चलो, पहले कंटेनर छुडाओ," तो म्हणाला. मामूला माती द्यायला पोर पोचलं नाही.

इक्बालनं लेबर ऑफिसात तक्रार केली. त्याच आठवड्यात दार उघडलं नाही.

या खेपेला बोट कापलेलं नव्हतं.

*

मी बॅगा काढल्या. "झारा, आता आपण घरी जायचं."

"दादी, बट दिस इज होम!"



*

तक्रार केली म्हणून माणसाला काढायचं नाही, असा इथला कायदा. लेबर ऑफिसात इक्बाल आणि मॅनेजरला समोरासमोर बसवलं. तिथले साहेब अरबीत बोलायला लागले. मॅनेजरला अरबी ओ की ठो कळत नाही. इतकी वर्षं बंदरावर त्याच्या वतीनं इक्बालच बोलायचा. तो सवयीनं इक्बालकडे वळला, "क्या बोल रहे हैं?"

"पूछ रहे हैं, इक्बाल को क्यों निकाला?"

"बोलो, किसी काम का नहीं."

इक्बालनं ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं!

साहेबांनी पेन खाली ठेवलं. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"अब क्या बोल रहे हैं?"

इक्बाल म्हणाला, "पूछ रहे हैं, काम का नहीं, तो ये सब आपको बता कौन रहा है?"