काकवी प्यालेली भिंत

रणजितचा फोन आला तेव्हा मी जेवून आडवा झालो होतो. अर्धवट झोप होती. "मामा, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला, आणि का कोण जाणे, मला रस उकळल्याचा वास आला. आमच्या कॉलनीत आता ऊस बघायलाही मिळत नाही... तरी खोलीभर तो गोड, धुरकट वास. दाजी गेले हे आधी माझ्या नाकाला कळलं, मग डोक्याला.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. कसबा बावड्याला त्यांचं गुऱ्हाळ होतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे मी अभिमानानं सांगतो, आणि बी.कॉम. मी अक्काकडं राहून केलं, हेही तितक्याच मोठ्यानं सांगतो. थंडीत संध्याकाळी चुलवणाच्या भिंतीला टेकून, खाली पोतं टाकून मी वाचत बसायचो. आत चिपाडं धडधडायची, वर काहिलीत रस उसळायचा, वाफेत माणसं विरून जायची. त्या वाफेतनंच दाजींचा आवाज यायचा, "ग्रॅज्युएट, डुलक्या काढू नगंस. काहिलीत पडलास तर तुझीच ढेप काढावी लागंल!" पदवी मिळायच्या आधीपासूनच मी त्यांचा ग्रॅज्युएट होतो. पाठीला विटांची ऊब आणि पुढ्यात पुस्तक... त्या उबेत वाचलेलं अजून आठवतं, बाकीचं सगळं गेलं.

पुढं ऊस कारखान्याला जायला लागला, गूळ करणारी माणसं मिळेनात, गुऱ्हाळ बंद पडलं. त्या जागेवर रणजितनं, म्हणजे माझ्या भाच्यानं, बंगला बांधला, पुढं बाग केली. बागेला भिंत घालायची निघाली आणि बापलेकात वाजलं. चुलवण पाडताना दाजींनी त्याच्या विटा साफ करून रचून ठेवल्या होत्या, धुरानं काळ्या-तपकिरी झालेल्या. रणजितला नव्या विटांची भिंत हवी होती, वर गुळगुळीत गिलावा, पांढरा रंग.

"बाबा, लोक म्हणतील, जळकं घर घेतलं काय?"

"म्हणू देत की. ह्या विटांनी तुला शाळंला घातलंय. त्यास्नी झाकायचं न्हाय."

जुन्या विटा पुरणार नव्हत्याच. शेवटी अक्कानं तोड काढली: जुन्यांना शोभतील अशा नव्या मिळाल्या तर भिंत उघडी ठेवायची, नाही तर गिलावा. दोघांनीही मान्य केलं.

मग आमचं फिरणं सुरू झालं. माझी स्कूटर, मागं दाजी, मांडीवर कापडी पिशवीत एक जुनी वीट. हातकणंगल्याच्या बाजूला आम्ही भट्टीमागून भट्टी पालथी घातली. दोन्ही बाजूला ऊस, रस्त्यावर दुपारचं पिवळं ऊन, लांब भट्ट्यांचा धूर सरळ वर चढलेला... आपण कुठं निघालोय तेच विसरायला व्हायचं. एका भट्टीवाल्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "पावणं, एकच वीट? उरल्यालं घर मागनं येतंय व्हय?"

"हिला जोडीदार बघतोय," दाजी गंभीरपणे म्हणाले. "स्थळ असलं तर सांगा."

त्यानं वीट हातावर तोलली. "ही लई खात्यापित्या घरची हाय. आमच्या पोरी पडल्या गोऱ्या."

मापाला जुळली ती त्याचीच वीट. रंग मात्र लालभडक. दाजींनी तीच घेतली, भिंत उभी राहिली, आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त गुऱ्हाळवालाच करू जाणे. काळी काकवी पाण्यात पातळ केली आणि ब्रशनं एकेका नव्या विटेला पाजली. म्हणाले, "जुन्या विटा जन्मभर काकवी प्याल्यात, म्हणून त्यास्नी रंग चढलाय."

"दाजी, मुंग्या लागतील," मी म्हणालो.

"लागू देत. गुळाच्या घरात मुंगीबी पावणीच की."

मुंग्या आल्या. माश्या आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हैस दावं तोडून आली आणि डोळे मिटून भिंत चाटत उभी राहिली. अक्का ओरडली, "अवो, धुवा ती भिंत, न्हायतर म्हैस बंगला खाईल!" दाजी पोट धरून हसत होते. भिंत धुतली. नव्या विटा पुन्हा लालच्या लाल.

मला स्पष्ट बोलायची सवय आहे, ती भिंत काही जुळली नव्हती. ठरल्याप्रमाणं गिलावा व्हायला हवा होता. पण रणजित मला बाजूला घेऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे मामा. बाबा हायत तवर ऱ्हाऊ दे." हे दाजींनी ऐकलं असावं. त्यानंतर रोज संध्याकाळी ते भिंतीला पाठ लावून बसायचे, खुर्ची असली तरी खालीच. आमच्या शेवटच्या भेटीत मीही शेजारी टेकलो होतो. दिवसभराचं ऊन विटांत मुरलेलं, पाठ शेकत होती, दोघांचेही डोळे मिटलेले. दाजी हळूच म्हणाले, "मी गेल्यावर ह्यो गिलावा करणार. करू दे. घर त्याचं हाय..." मला वाटलं, डोळा लागला. "पर तू त्या दिवशी येऊ नगंस, ग्रॅज्युएट."

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. "वाळू-सिमेंट येऊन पडलंय रे," एवढंच म्हणाली. दाजींनी नको म्हटलं होतं, तरी मी गेलो.

बागेत माल कालवलेला होता. गवंडी भिंतीच्या माथ्यावर थापी मारत होता, रणजित खाली उभा.

"वरनं पाणी मुरतंय मामा. जुन्या विटांचं पापुद्रे निघाय लागल्यात. तेवढा माथा बंद करून घेतोय."

"आणि गिलावा?"

माथ्यावरून सिमेंटचा एक ओघळ काळ्या विटेवर उतरत होता. रणजित पुढं झाला, ओल्या फडक्यानं त्यानं तो पुसला, विटेच्या खळग्यात अडकलेलं नखानं उकरून काढलं. मग वर बघून गवंड्याला म्हणाला, "जरा बेतानं की ओ... तोंड खराब व्हतंय तिचं."