अहमदपूरच्या बाईंचा पासवर्ड

माती तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेचा लिनक्स सर्व्हर नांदेडला असतो आणि त्याचं सगळं मी बघतो. अहमदपूरच्या शाखेत नव्याने आलेल्या बाईंना मी डेटाबेसचं खातं काढून दिलं. दुसऱ्याच सकाळी त्यांचा फोन आला, "सर, पासवर्ड घेईनाच."

कॅप्स लॉक बघा म्हणालो. पासवर्ड दोनदा बदलून दिला. "खाली इंग्रजीत आणखी कायतरी येऊन राहिलंय, वाचू का?" त्यांनी विचारलं. "वाचू नका, नीट टाका," मी खेकसलो. शेवटी त्यांना एसटीने नांदेडलाच बोलावलं. माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर त्यांनी पासवर्ड टाकला आणि खातं लगेच उघडलं. "बघा, नीट टाकलं की उघडतं," मी साऱ्या ऑफिससमोर म्हणालो. "माझंच चुकत असंल, सर," म्हणत त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा कुठे मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. ते खातं फक्त नांदेडच्या ऑफिसातून चालेल, असं मीच ठेवून दिलं होतं. त्या जे वाचून दाखवणार होत्या, त्यात नेमकं हेच लिहिलेलं होतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये अहमदपूरसाठी एक ओळ घातली आणि बाईंना फोन केला, "आता टाका."

"उघडलं, सर!" त्या हरखून म्हणाल्या. "आज एकेक अक्षर लई हळू टाकलं."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते "शाब्बास!"