चुड्यावरचा पट्टा

"सात नंबरची मुलगी उद्यापासून नको," देसाई साहेब म्हणाले. त्यांच्या हातात मेलेल्या बोर्डांचा ट्रे होता. सगळे सात नंबरच्या टेबलवरचे.

देसाई आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, मी लाइन सुपरवायझर. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरी पूर्वेला एक्स्पोर्ट झोन झाला होता. कुंपणाच्या आत एअरकंडिशन्ड हॉल, बाहेर म्हशींचे तबेले. आम्ही मुलुंड-कांजूरच्या बायका नायलॉनच्या साडीवर पांढरा कोट चढवून कॉम्प्युटरचे बोर्ड जोडायचो. चालू कॉम्प्युटर मात्र आमच्यातल्या एकीनेही पाहिला नव्हता.

सात नंबरवर सुनंदा. लग्नाला पंधरा दिवस झालेले. सासऱ्यांची गिरणी बंद, नवरा बदली कामगार, बोलावलं तरच काम. घर हिच्याच नोकरीवर होतं.

"स्टॅटिकने मेल्यात चिप. पट्टा बांधते का ती?" साहेबांनी विचारलं.

"रोज. मी स्वतः बघते."

स्टॅटिक म्हणजे साडी खुर्चीला घासून अंगात साठणारी बारीक वीज. आपल्याला कळतही नाही, पण चिप मरते. म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा असतो आणि त्याची वायर अर्थिंगला जोडलेली असते.

मी सुनंदाच्या मागे जाऊन उभी राहिले. सोल्डरिंग नीटनेटकं, हात स्थिर. मग नजर मनगटावर गेली. आत हिरवा चुडा, त्यावर गुंडाळलेला रुमाल आणि रुमालावर पट्टा.

रुमाल माझा होता. कामावर बांगड्या चालत नाहीत. पण लग्नानंतर कामावर आली त्या पहिल्या दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली होती, "ताई, सासूबाई चुडा उतरवू देत नाहीत." मी म्हटलं, "राहू दे गं. रुमाल गुंडाळ, काच बोर्डावर आपटायची नाही. पट्टा वरून बांध." पट्टा कातडीला टेकलाच पाहिजे, हे नव्या मुलींना शिकवणारी मीच. नव्या नवरीचा हिरवा हात बघून अक्कल गहाण पडली.

त्याच आठवड्यात आम्हा सुपरवायझरांतून सीनियर ठरणार होती आणि माझं नाव पुढे होतं. खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे सुनंदावरच. त्याची आजही लाज वाटते.

मग केबिनमध्ये गेले. "साहेब, चूक तिची नाही. मी सांगितलं तसं तिने केलं."

सगळं ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं. पण चुडा उतरव म्हणायला जीभ रेटेना."

"मग मला विचारायचं होतं. कोपराजवळ बांधा की पट्टा. तिथे बांगड्या आहेत का?"

नव्हत्या. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पट्टा कोपराजवळ गेला आणि सात नंबरचे बोर्ड पास व्हायला लागले. सुनंदा राहिली. सीनियर दुसरीच झाली. राग आला होता, पण काढणार कोणावर?

आता तबेल्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. सुनंदा बारा वर्षांनी त्याच लाइनची सुपरवायझर झाली. मी मात्र त्या दिवसापासून पट्टा नुसता बघितला नाही. रोज सकाळी प्रत्येकीच्या पट्ट्याखाली बोट घालायचे, आणि आधी माझ्या स्वतःच्या.