अड्याळचा अ‍ॅडमिन

“काढू का?”

असं विचारताना तो मोबाइलवर अंगठा अधांतरी धरायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून हसायचा. गावाच्या मोबाइल ग्रुपमध्ये तुम्हाला ठेवायचं की बाहेर घालवायचं, हे तो अंगठा ठरवायचा. मला हा माणूस आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही.

अड्याळच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. त्याला लागून त्याचं मोबाइलचं होतं. रिचार्ज, काच बदलून देणं, कव्हरं, इयरफोन. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्याची मतं मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळायची. सरकार कधी पडणार, कोण विकला गेला, देश कोणामुळे बुडतोय, सगळं त्याला सकाळी दुकान उघडायच्या आधीच कळलेलं असायचं. कुणी उलट प्रश्न केला की ठरलेलं उत्तर: “तुमाले नाही समजणार.” हे वाक्य त्याने मला इतकं ऐकवलं की मशीनच्या आवाजातही मला ते ऐकू यायला लागलं होतं.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. तुम्ही त्यांना हसून सोडून देत असाल. मलाही बरेच दिवस हसूच यायचं.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तो इयरफोन घालून बंदुकीचा गेम खेळायचा. कुठल्या कुठल्या राज्यातली पोरं त्याच्या टीममध्ये असत. गावात कुणाशी सरळ न बोलणारा हा माणूस त्या पोरांशी अगदी मायेने बोलायचा. “डरना नहीं छोटू, भाई पीछे है. तू मेरा दवाई ले ले.” त्या वेळी दुकानासमोर एखादी म्हातारी निराधार योजनेच्या पगाराचा मेसेज वाचून घ्यायला उन्हात उभी असायची. तिला तो हातानेच थांबवायचा. “मॅच चालू हाय आजी.” कधी न पाहिलेल्या पोराला औषध, आणि दारातल्या आजीला ऊन. मी तिला माझ्या बाकावर बसवायची आणि मेसेज वाचून द्यायची. मग तो भिंतीपलीकडून म्हणायचा, “काकू, माझं गिऱ्हाईक काहून पळवून राहिले?”

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची. गावाचा ग्रुप त्यानेच सुरू केला होता आणि सुरुवातीला तो कामाचा होता. नळ कधी येणार, लाइन कधी जाणार, कोणाची म्हैस सुटली, कोणाकडे मयत झाली. आमच्याकडे मयताच्या घरची माणसं स्वतः सांगायला निघत नाहीत. शेजारचा कुणीतरी घरोघरी जाऊन सांगतो, मग पुरुष लाकडाच्या तयारीला लागतात आणि बाई गेली असेल तर आळीतल्या बाया तिला आंघोळ घालायला जातात. ग्रुप आला आणि हे फिरणं बंद झालं. एक मेसेज टाकला की गाव हजर. आम्हालाही ते सोयीचं वाटलं.

मग निवडणूक आली आणि तो अंगठा सुटला. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, हा व्हिडिओ जुना आहे. गुरुजी बाहेर. किराणावाल्याने नुसता हसणारा चेहरा टाकला. तोही बाहेर. राइस मिलच्या मुकादमाने धानाच्या बोनसचं विचारलं, त्याला म्हणाला, “विषय भटकवून राहिला,” आणि बाहेर. पुढे पुढे जे काहीच बोलत नव्हते त्यांनाही काढायला लागला. “गप्प बसनारे जास्त डेंजर राह्यते काकू.” त्यांची जागा त्याचे गेममधले दोस्त आणि पुण्या-नागपुरातले हो ला हो करणारे घ्यायला लागले. गावाच्या ग्रुपमध्ये गाव तेवढं कमी होत गेलं.

माझं हसू संपलं ते निकितामुळे. निकिता माझी भाची, माझ्याकडे राहून पवनीला कॉलेजात जाते. तिने एक दिवस ग्रुपवर लिहिलं, “दिल्लीचं नंतर पाहू, आधी तलावाकडच्या रस्त्याचं कोणी बोलाल का?” एवढंच. त्याने दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतला तिचा एक फोटो शोधून काढला. भजं खाताना तोंड वासलेलं, डोळे अर्धे मिटलेले. त्यावर लिहिलं, “आल्या आमच्या नेताबाई, रस्ता खायला.” संध्याकाळपर्यंत फोटो पवनीला पोचला होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पोरं तिला नेताबाई म्हणाली, तिसऱ्या दिवशी कंडक्टरसुद्धा. त्यानंतर ती कॉलेजला जाईना. आरशासमोर उभी राहून तोंड बंद ठेवून हसून बघायची. माझ्या घरात असं बघावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी हातातली कात्री तशीच घेऊन त्याच्या दुकानात गेले.

“तो फोटो मिटव.”

“मजाक होती काकू. इतकं काहून मनावर घेऊन राहिले?”

“पोरगी घराबाहेर निघत नाही.”

“इंटरनेटवर राह्यचं तं चामडी जाड ठेवा लागते. तुमाले नाही समजणार.” मग खाली बघून अंगठा फिरवला. “तिले काढलं. तुमालेही काढलं. झालं समाधान?”

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

त्याची माय मात्र यायची. गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांमध्ये त्यांचं घर, आजूबाजूला धानाच्या बांधीच बांधी. त्याचं लग्न जमलेलं नव्हतं, घरात दोघंच. ती दुपारी त्याचा डबा घेऊन पायी यायची आणि तो गेममध्ये असला की माझ्या बाकावर टेकायची. न सांगता माझ्या ब्लाउजांना हुक लावून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, मोबाइल नव्हता. “निकिता काहून दिसत नाही व बाई?” असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अभ्यास आहे. तिच्या पोराचं तिच्याजवळ काय सांगणार होते मी? चांगल्या बाईच्या पोटी असा गोळा यावा, याचा मला त्याच्यावरच्या रागापेक्षा जास्त राग होता.

यंदा धानाची कापणी चालू असताना एका सकाळी त्याचं दुकान उघडलं नाही. मासे विकणारी बाई डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात आली ती थेट माझ्याकडे.

“मोबाइलवाल्याची बुडी माय मेली न बाई. मी तिकूनच आली. दारात कोनीच नाही. पोरगा एकटाच बसला हाय.”

मला आधी वाटलं, बरं झालं, बसू दे. हो, वाटलं. मग ती बाकावरची म्हातारी आठवली आणि तिला आंघोळ घालायला कोण जाणार हे डोक्यात आलं. मी मशीनवर कापड टाकलं आणि बाजारात निघाले. किराणावाला म्हणाला, “मले त्यानं काढलं होतं.” गुरुजी म्हणाले, “मलाही.” मुकादम तर तोंड फिरवूनच बसला.

“त्यानं काढलं जी,” मी म्हटलं. “बुडीनं कोनाले काढलं?”

मग एकेकाचं शटर खाली यायला लागलं.

मी निकिताला फोन केला तो फक्त सांगायला. मी प्लॉटांकडे पोचले तर ती माझ्याआधी तिथे होती, ओढणी कमरेला खोचून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घराबाहेर पडलेली. मासेवाली टोपलं दाराबाहेर ठेवून मागोमाग आली. आम्ही तिघींनी म्हातारीला मागच्या पडवीत घेतलं आणि लुगड्याचा आडोसा केला. आडोशापलीकडून त्याने गरम पाण्याची बादली आत सरकवली. निकिताने ती ओढून घेतली आणि म्हातारीचे केस ओले करायला लागली, हळूहळू, डोळ्यांत पाणी जाऊ नये असं कपाळावर हात धरून.

“काकू,” तो पलीकडून म्हणाला, “मी पहाटेच ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्याइनं हात जोडले. आलं नाही कोनी.”

“ग्रुपमंधी गावातल्या कोनाले ठेवलं होतं तुनं?”

मला वाटलं होतं हे विचारून बरं वाटेल, पण तसं काही वाटलं नाही. बाहेर अंगणात माणसं जमल्याचा आवाज यायला लागला होता.

तेरवीनंतर तो नागपूरला निघून गेला. त्याच्या दुकानात आता एकजण चाऊमीन विकतो. माफी त्याने मागितली नाही, ना तिची, ना माझी. जायच्या आदल्या दिवशी निकिताच्या मोबाइलवर मेसेज आला, अ‍ॅडमिनने तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलं आहे. ती कॉलेजला निघाली होती, दारात चप्पल घालत होती. तिने ते वाचलं आणि मला दाखवलं.

“काय करशील?” मी विचारलं.

“त्या दिवशी आजीसाठी गेली होती मी मावशी,” ती म्हणाली, ग्रुपमधून स्वतःहून बाहेर पडली आणि बस पकडायला निघून गेली.