पिस्तूल खाली आहे ना?

पिस्तूल माझ्या दोन्ही हातांत होतं, बिजागरीवर अर्धवट उघडलेलं. फटीतून पितळेची गोल कड दिसत होती. म्हणजे आत काडतूस होतं. नळीचं तोंड बेसमेंटमधल्या, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसकडे होतं आणि वर किचनमध्ये साने काकू पोहे परतत होत्या.

मी ओहायोतल्या एका छोट्या विमान संग्रहालयात कलेक्शन मॅनेजर आहे. लोक देतात त्या वस्तू तपासून नोंदवून घेते. हे फ्लेअर पिस्तूल महायुद्धातल्या बॉम्बर विमानातलं. त्यातून गोळी नाही, रंगीत जळता गोळा सुटतो. रेडिओ वापरता येत नसेल तेव्हा विमानं त्यानं खुणा करत. परतणाऱ्या विमानातून लाल गोळा उडाला की धावपट्टीवर अँब्युलन्स धावायची. आतली दारू पेटली की पाण्याला दाद देत नाही. आणि वर्षानुवर्षं दमट बेसमेंटमध्ये पडलेल्या दारूचा भरवसा कोणी देत नाही.

इथल्याच, ओहायोतल्या डब्लिनमध्ये साने काकांनी घर घेतलं, तेव्हा आधीच्या मालकाची एक पेटी तिथेच राहिली होती. त्यात हे निघालं. आदल्या दिवशी मी फोनवर विचारलं होतं, पिस्तूल खाली आहे ना? हो, खालीच आहे, काका म्हणाले. नक्की? अगदी नक्की, आत्ताच बघून आलो.

आता ते जिन्यावर उभे होते.

"काका, तुम्ही खाली आहे म्हणालात."

"मग? खालीच तर आहे."

मी नागपूरची. आमच्याकडे खाली म्हणजे रिकामं. काका पुण्याचे. त्यांनी बेसमेंट सांगितलं होतं.

"वरची शेगडी बंद करा आणि काकूंना घेऊन रस्त्यापलीकडे जा."

"इतकं?"

"इतकं."

ते गेले. मी एकटी उरले. पिस्तूल मिटलं तर आतली पिन काडतुसावर दाबली जाण्याची भीती. पूर्ण उघडावं तर काडतूस गंजून अडकलेलं. तसंच धरून फर्नेसकडून काँक्रीटच्या भिंतीकडे वळायचं होतं. बोटं घामानं सरकत होती. फर्नेस अचानक घरघरत सुरू झाली. अर्धं वर्तुळ फिरायला किती वेळ लागला, ठाऊक नाही. पिस्तूल जमिनीवर टेकवलं, हात सोडवले आणि जिना चढले. बाहेर येऊन ९११ लावला. तीन वेळा चुकीचे आकडे दाबले.

बॉम्ब स्क्वॉडनं शेजारची दोन घरं रिकामी केली, पिस्तूल नेलं, काडतूस काढून नष्ट केलं. त्यांच्या ऑफिसरनं विचारलं, रिकामं आहे असं कोणी सांगितलं? कोणीच नाही, मी म्हणाले. ते खरंच होतं.

आमच्या फॉर्मवर तीन प्रश्न असतात: भरलेलं आहे का, कोणी तपासलं, कधी तपासलं. कुठल्याही अमेरिकन माणसाला मी ते विचारलेच असते. काकांची अशी उलटतपासणी घेणं बरं वाटलं नाही, म्हणून एकाच प्रश्नावर भागवलं. माझ्या बॉसनं रिपोर्ट वाचून फक्त एवढंच म्हटलं, "यापुढे फॉर्म भरायचा. काकांचासुद्धा."

आता भरते. आणि उत्तर काहीही आलं तरी वस्तू भरलेलीच आहे असं धरून चालते.

तीन आठवड्यांनी पिस्तूल आमच्याकडे आलं. आता ते नक्की खाली आहे. शोकेस दुसऱ्या मजल्यावर आहे.