गोपनीयता शंभर टक्के!

माझ्या बाबांचा फोटो बसस्टँडच्या भिंतीवर लागला, तेव्हा त्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता. गुन्हा मी केला होता.

बाबा हवालदार. आम्ही राहतो पोलीस लाईनीत, आणि मी आमच्या युवक गटाची पत्रकं लिहिते. (वाक्य छोटं, अक्षर मोठं, शेवटी उद्गारचिन्ह! आई म्हणते, "ही पोरगी चहा बी घोषणा देऊनच मांगते.") पोलिसांच्या मनाचीही तपासणी व्हावी म्हणून आम्ही अर्जावर अर्ज दिले. का देऊ नयेत? गणपती तुमचा, दुर्गोत्सव तुमचा, डीजे तुमचा. आणि कान कोणाचे फुटतात? हवालदाराचे! शेवटी लाईनीतल्या हॉलमध्ये शिबिर मंजूर झालं. यवतमाळहून समुपदेशक मॅडम येणार होत्या.

अडचण एकच: आत जाणार कोण? जो पहिला जाईल, त्याला संध्याकाळपर्यंत लाईन 'पागल' म्हणणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि मला तर सगळ्यात आधी बाबांनाच आत पाठवायचं होतं. दुर्गोत्सवाच्या बंदोबस्तापासून ते झोपतच नव्हते. रात्रभर अंगणात खाट करकरायची. विचारलं की उत्तर ठरलेलं.

"मले काय धाड भरली? तू आपली पत्रकं वाट."

वाटली ना! पोस्टरसाठी थकलेल्या पोलिसाचा फोटो हवा होता. तो माझ्या फोनमध्येच होता: बंदोबस्तावर, खुर्चीत डोकं धरून बसलेले बाबा. (खरं तर ते चहावाल्याची वाट पाहत होते, पण दुःख अगदी जातिवंत दिसत होतं.) ओळख पटू नये म्हणून मी डोळ्यांवर जाडजूड काळी पट्टी ओढली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'मन थकलंय? बोला! गोपनीयता शंभर टक्के!'

छातीवरची नावाची पट्टी तेवढी झाकायची राहिली. मोठ्या पोस्टरवर ती दुकानाच्या पाटीएवढी झाली. डोंगरे!

सकाळीच शेजारच्या राठोड काकू नारळ घेऊन हजर. "काय झालं वो भाऊले? चांगला तं मानूस होता!"

"होता म्हंजे?" आई कडाडली. "तो काय, दाढी करून राह्यला!"

"अवं माय! हातात ब्लेड देल्लं?"

काळी पट्टी पाहून अर्ध्या गावाला वाटलं, बाबा लाच घेताना सापडले. उरलेल्या अर्ध्यांनी खालची ओळ वाचली. ते जास्तच घाबरले. समोरचे नाईक काका, बाबांचे ठाण्यातले जोडीदार, गप्पा मारता मारता बाबांची काठी उचलून आपल्या घरी ठेवून आले. तेवढ्यात बाभुळगावहून मामाचा फोन.

"भाऊजी, घाबरू नका. वकील पाहून राह्यलो. जमानत होऊन जाते!"

मागून मामीचा आवाज: "पन डोक्यावर परिनाम कवा झाला, ते इचारा ना!"

बाबांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. ठाण्यातल्या आवाजात.

"हा फोटो कायले लावला?"

"जनजागृतीसाठी!"

"मी रातभर जागाच हाय. आता सारं गाव जागं केलं. अजून कोनाले जागवतं?"

"पण बाबा, पट्टी लावली होती ना मी!"

"पट्टी आरोपीले लावतेत!"

शिबिर त्याच दिवशी होतं. वर्दी चढवून ते थेट हॉलकडे निघाले. "त्या मॅडमकून लिहून आनतो, का डोंगरे ठनठनीत हाय. अन् तो कागद तुह्या पोस्टरवर चिकटवतो!"

ते आत गेले आणि बाहेर कडुनिंबाखाली अख्खी लाईन 'सहजच' जमली. कोणी पुसलेली गाडी पुन्हा पुसत होतं, कोणी न वाजलेल्या फोनवर बोलत होतं. पाच मिनिटांचं काम म्हणून गेलेले बाबा तासाभराने बाहेर आले. डोळे लाल. हातात कागद नाही.

"काय इचारलं गा आत?" नाईक काका.

"झोप लागते काय, म्हने."

"मंग?"

"नाही म्हनलं." बाबांनी टोपी काढली. "कवापासून, म्हने. मंग सांगतच बसलो. मिरवनुकीत थे लेकरू दबलं होतं ना गर्दीत? मीच उचललं त्याले. वाचलं थे. पन डोये मिटले का तेच दिसते, बाप्पा."

नाईक काका घरी गेले, काठी आणून बाबांच्या हातात दिली आणि हॉलच्या दाराकडे सरकले. "मीबी जराक... पाहून येतो." त्यांच्यामागे आणखी दोघं गेले. मग गाडी पुसणाराही फडकं टाकून उठला.

मी विजयाची घोषणा द्यायला हात वर केला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मॅडमनं पुढच्या हप्त्यात पुन्हा बलावलं. अन् घरात जेच्यानं डोकं दुखते, ते कमी करा म्हने."

"म्हणजे काय?" मी तावातावाने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही. राठोड काकूंनी तर नारळासकट पाहिलं.

बाबा आता झोपतात. रोज नाही, पण खाट पुष्कळच कमी करकरते. पुढच्या शिबिराचं पोस्टर मात्र मला न विचारता छापलं गेलं. फोटो माझा: हात वर, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. डोळ्यांवर बाबांनी स्वतः ओढलेली काळी पट्टी. नाव मात्र पूर्ण! खाली एकच ओळ: 'घरात असं कोणी असेल, तर आजच या!'

रांग गेटाच्या बाहेर गेली. माझ्या एकाही पत्रकाला आजवर एवढा प्रतिसाद मिळालेला नाही.